२००३ ची वॅगन आर: दुरुस्त करून ठेवावी की मोडीत काढावी?

निवडुंग
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, पण आता खरंच सल्ला हवाय म्हणून धागा काढतेय.

आमची २००३ ची वॅगन आर, पेट्रोल, एमएच १२, बाबांच्या नावावर. पहिल्यापासून आमच्याच घरात, कोथरूडला. २०१८ ला आणि मग २०२३ ला आरसी रिन्यू झालीय, त्यामुळे कागद २०२८ पर्यंत ठीक आहेत. दीड लाखाच्या आसपास चाललीय. पत्रा चांगला आहे, गंज फक्त मागच्या दाराच्या खालच्या कडेला.

आता अडचण अशी की सकाळी पहिल्यांदा चालू केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, थोड्या वेळाने जातो. रेडिएटरचं पाणी कमी होतं, सारखं टाकावं लागतं. आणि मध्ये साताऱ्याला जाताना खंबाटकीत तापमानाचा काटा एकदम वर गेला, बाजूला घेऊन तासभर थांबलो. नेहमीच्या गॅरेजवाल्यांनी बघितलं आणि सांगितलं हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालची सीलची पट्टी) गेलंय, इंजिन उघडावं लागेल, पंचेचाळीस हजार धरून चला, आत अजून काही निघालं तर वेगळे.

भाऊ म्हणतो एवढ्यात तर गाडीच येते, भंगारात काढ. पण बाबा ७८ चे, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालीयत. या गाडीची सीट त्यांना बरोब्बर उंचीला येते. आधी पाठमोरे टेकतात, मग दाराच्या वरच्या हँडलला धरून दोन्ही पाय एकदम आत घेतात, कुणी हात द्यावा लागत नाही. शोरूममध्ये जाऊन दोन-तीन नव्या गाड्यांत बसवून बघितलं, एकीत खाली वाकावं लागतं आणि एकीत चढावं लागतं. म्हणून मला ही ठेवायची आहे. एवढा खर्च करावा का, आणि ठेवली तर पुढे कशी सांभाळायची?

हिशेबनीस
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्या गाडीची बाजारात किंमत पन्नास हजार येईल का नाही शंका, तिच्यावर पंचेचाळीस हजार घालायचे नाहीत. आज गॅस्केट, उद्या क्लच, परवा एसी. द्या सोडून.

स्पॅनर_१०_१२
निवडुंगताई, आधी एक करा, इंजिन उघडू देऊ नका. निदान पक्कं झाल्याशिवाय हेड उतरवायचं नाही.

पांढरा धूर म्हणजे गॅस्केट असं धरूनच चालतात लोक. आत्ता थंडी आहे, पहाटे सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, नव्या गाडीतनंही पडतं. धूर गाडी तापल्यावरही येत राहिला आणि त्याला गोडसर वास आला तर मग कूलंट (इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) जळतंय. निळसर असेल तर ऑइल खातेय, तेही फक्त पहिल्या स्टार्टला असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, चालताना पिकअप देताना येत असेल तर पिस्टनची रिंग. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. तुमचा धूर थोड्या वेळात जातो म्हणताय म्हणून मला आशा वाटते.

घरी बघण्यासारखं: गाडी पूर्ण गार असताना ऑइल भरायचं झाकण उघडा, आतून कॉफीच्या फेसासारखं काही लागलंय का बघा. असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय अशी शंका घ्यायची (फक्त जवळच्या जवळ चालवणाऱ्यांच्या गाडीत थंडीत थोडा फेस दिसतो, तेवढ्यावरून घाबरू नका). मग गारच असताना रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू करा, सतत बुडबुडे येत राहिले तर गॅस्केटकडे बोट जातं. तापलेल्या इंजिनवर झाकण अजिबात उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं.

आणि फिटरला सांगा रेडिएटर प्रेशर टेस्ट कर. हातपंपासारखं अवजार असतं, झाकणाच्या जागी लावून हवा भरायची आणि काटा खाली येतो का बघायचं. काटा उतरला की पाणी कुठून गळतंय ते शोधायचं: वरची प्लास्टिकची टाकी, होज पाइपचे क्लॅम्प, वॉटर पंप, हीटर. डाव्या सीटच्या पायाखालचा कार्पेट ओला आणि चिकट लागतो का तेही बघा, तसा असेल तर हीटरची जाळी फुटलीय. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय.

डोंगरवाट
खंबाटकीत एसी लावून ट्रकच्या मागे फर्स्टला चढलेल्या गाडीला गरम होऊ नको म्हणणं म्हणजे कुकरला शिट्टी नको म्हणणं :) पण स्पॅनररावांचं सगळं मनावर घ्या, हा माणूस चुकत नाही.

रात्रपाळी
मी एका रुग्णालयात अपघात विभागात काम करते, त्यामुळे माझं लक्ष दुसरीकडे जातं. या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) नाही. आपल्याकडे एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या बऱ्याच साध्या मॉडेलांना ते नसायचं. इंजिन कितीही ठणठणीत करा, सातारा रोडवर शंभरच्या स्पीडला समोरून काही झालं तर ही गाडी तुम्हाला वाचवणार नाही. गावात चालवा, दवाखाना, भाजी, नातेवाईक, सगळं. हायवेला बाबांना घेऊन जाऊ नका. एवढंच कळकळीने सांगते.

निवडुंग
@रात्रपाळी, हे घरात कुणीच बोललं नव्हतं. साताऱ्याला आता भावाची गाडी नेऊ. पटलं.
@स्पॅनर, ऑइलचं झाकण स्वच्छ आहे, फेस नाही. बुडबुडे रविवारी बघते.

चिंचवडगाव
पंधरा वर्षांवरची गाडी चालवायलाच बंदी आहे ना आता? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं.

कागदपत्री
@चिंचवडगाव, तो नियम दिल्ली आणि आसपासचा, दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल. पुण्याला तो लागू नाही. सरकारी गाड्यांना एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांनंतर रिन्यूअल नाही, त्याचीही लोक खासगी गाड्यांशी सांगड घालतात.

आपल्याकडे खासगी कारची नोंदणी १५ वर्षं, मग दर ५ वर्षांनी रिन्यूअल. फॉर्म २५, गाडी प्रत्यक्ष आरटीओत दाखवायची, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू हवं, आणि पर्यावरण कर भरायचा. फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० केली. म्हणजे २०२८ ला निवडुंगताईंना दहा हजार अधिक कर असा हिशेब आत्ताच धरायला हवा. मुदत संपायच्या आधी ६० दिवस अर्ज करता येतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

हाय सिक्युरिटी नंबरपाटी (एचएसआरपी) बसवलीय का? एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची आहे, कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी.

निवडुंग
पाटी बसवलीय. पर्यावरण करही २०२३ ला भरला होता.

हिशेबनीस
परत येतो. सहा लाख कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं म्हटलं तर हप्ता साडेबारा हजारांच्या आत-बाहेर. झेपत असेल तर घ्या, मनःशांती मिळते. मध्यरात्री काकांना दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि गाडी चालूच झाली नाही तर?

शनिवारातला
हिशेबनीस, तुमचाच आकडा घेतला तर पंचेचाळीस हजार म्हणजे चार हप्ते सुद्धा नाहीत. चार महिन्यांच्या हप्त्यात गाडी पाच वर्षं चालणार असेल तर तोटा कुठे आहे? बाजारात तिला काय भाव येईल हा प्रश्न विकणाऱ्याचा, या ताईंना विकायचीच नाहीये.

मध्यरात्रीचं मात्र बरोबर आहे. पण जुनी गाडी दगा देते ती बॅटरी, बेल्ट, होज आणि टायर या चार गोष्टींवर, आणि चारही आधी बदलता येतात. बॅटरी चार वर्षांची झाली की मरायची वाट बघत बसू नये. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांच्या वर गेलेलं रबर कडक होतं, पावसात ब्रेक लागत नाही. कमी चालणाऱ्या गाड्यांत हेच राहून जातं.

स्पॅनर_१०_१२
+१, आणि यात टायमिंग बेल्ट घाला. या वॅगन आरला १०६१ सीसीचं जुनं इंजिन आहे, त्याला बेल्ट असतो. २०१० नंतरच्या के सिरीज इंजिनला चेन आली. बेल्ट किलोमीटरवर बदलतात तसा वयावरही बदलायचा असतो, रबरच ते. शेवटचा कधी बदलला याचं बिल सापडत नसेल तर बदललाच नाही असं समजून बदला. वॉटर पंपापर्यंत जायचंच असेल तर त्याच वेळी करून घ्या, मजुरी एकदाच पडते.

नानापेठ_रविवार
पार्टची काळजी करू नका. नाना पेठेत वॅगन आर, आठशे, झेन, एस्टीम सगळ्यांचं मिळतं. फक्त जुना पार्ट हातात घेऊन जा, फोटोवर जाऊ नका, एकाच मॉडेलमध्ये दोन-दोन प्रकार निघतात. गॅस्केट, वॉटर पंप, बेल्ट, ब्रेकचं रबर यात कंपनीचाच घ्यायचा. दिव्याची काच, आरसा, दाराचं हँडल यात लोकल चालतं.

दुकानदार पहिलं विचारतो "कंपनी पायजे का चालू?" तिथे "किती फरक आहे" म्हटलं की तो ओळखतो नवखा आहे :) नाव, साल आणि इंजिन सांगायचं, मग तोच डबे काढून समोर ठेवतो. होलोग्राम, पार्ट नंबर आणि पॅकिंगची तारीख बघायची. रबराचा पार्ट असेल तर बोटाने दाबून बघायचा, दुकानातच सहा वर्षं पडलेला माल नव्या डब्यात असला तरी जुनाच.

बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात पण चक्कर मारा, माझ्या झेनच्या ग्लव्ह बॉक्सचं झाकण तिथे मिळालं, रंगासकट.

पावसाळीढग
उंदरांवर कुणी बोलेल का? आमच्या बावधनच्या पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात वायरी खातात. जुनी असो नवी असो.

डोंगरवाट
तंबाखूची पानं. किराणा दुकानात सुकी मिळतात, बॉनेटखाली कापडात बांधून ठेवायची, गरम सायलेन्सरपासून लांब. महिन्याने बदलायची.

सासुरवाडी_भोर
तंबाखू माझ्याकडे चालली नाही, उंदरांनी पानांवरच घर केलं. गाडी एका जागी जास्त दिवस उभी न ठेवणं हाच उपाय. आणि गाडीत खाऊ, शेव, केळ्याची सालं नकोत.

पावसाळीढग
भोरचे उंदीर सवयीचे असतील :) धन्यवाद दोघांना, जाळीही लावून बघतो.

इंडिकाप्रेमी
विषय जुन्या गाड्यांचा निघालाय म्हणून राहवत नाही. आमची इंडिका डिझेल, पिंपरीत बनलेली. १९९८ च्या ऑटो एक्स्पोत ती दाखवली तेव्हा आमच्या चिंचवडमध्ये प्रत्येक गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या घरचं माणूस त्या कारखान्यात होतं, पहिली गाडी रस्त्यावर दिसली तर लोक हात लावून बघायचे. वडिलांनी घेतली, मी वापरली, गेल्या वर्षी दिली. अधिकृत भंगार केंद्रात दिली बरं का, कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला नाही. तिथे जमा केल्याचं सर्टिफिकेट मिळतं, त्यावर आरसी रद्द होते. नाहीतर गाडी कापली गेली तरी कागदावर मालक तुम्हीच राहता.

वाटाड्या_४११०३८
पेट्रोलचं कुणी बोललं नाही. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉल आहे. २००३ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि जुने रबरी पाइप, ओ-रिंग त्याने फुगतात, तडकतात. माझ्या सॅन्ट्रोचा अ‍ॅव्हरेज उतरला हे तर दिसतंच.

शनिवारातला
माझी २००८ ची आठशे तेच पेट्रोल पितेय, काही झालेलं नाही. भीती जरा जास्तच पसरवतात.

स्पॅनर_१०_१२
दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज उतरणारच. रबराचं नुकसान रोज चालणाऱ्या गाडीत हळू होतं, उभ्या गाडीत जास्त. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांचे टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे फ्युएल होज मी एकदा बदलून घेतो, पाइपचा खर्च फार नाही आणि पेट्रोलचा पाइप तापलेल्या इंजिनवर गळला तर गाडी पेटते. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी काढायचीच नाही. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवून गाडी महिना महिना उभी करू नका.

एकतानगरी_परिसर
पावसाळ्यावरून सांगतो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला पाणी शिरलं तेव्हा आमच्या पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. पाणी उतरल्यावर शेजाऱ्यांनी चावी फिरवली आणि इंजिनात शिरलेल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकला. आम्ही हात लावला नाही, बॅटरी काढली, टोइंग करून नेली, ऑइल, फिल्टर, प्लग सगळं काढून मग चालू केली. गाडी आजही चालते. बुडलेल्या गाडीला स्टार्टर मारू नये, जुनी असली तर अजिबातच.

इन्शुरन्सही बघा. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, एजंट सांगेल तोच आकडा असं नसतं.

हिशेबनीस
एवढ्या जुन्या गाडीला नुसती थर्ड पार्टी पुरे. हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ अधिक जीएसटी.

एकतानगरी_परिसर
मी दिवसभर घाण पाण्यात उभं राहून पंचनामा करून घेतलाय, मी फुल इन्शुरन्सच घेणार. ज्याच्या पार्किंगला नदी जवळ नाही त्याने थर्ड पार्टीवर राहावं.

निवडुंग
मंडळी, निकाल सांगायला आले.

रविवारी गार इंजिनवर झाकण उघडून बघितलं, बुडबुडे नाहीत. सोमवारी दुसऱ्या फिटरकडे नेली, कर्वे रोडच्या आत एक छोटं गॅरेज आहे, मैत्रिणीने सुचवलं. त्यांनी समोर उभं करून प्रेशर टेस्ट दाखवली. पंप मारला, काटा वर गेला आणि हळूहळू उतरायला लागला. मग टॉर्च घेऊन खाली बघितलं तर रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा जोड जिथे अ‍ॅल्युमिनियमला दाबलेला असतो तिथून बारीक थेंब, एकामागून एक. गाडी तापली की तिथेच वाळत होतं म्हणून खाली डबकं दिसायचं नाही, फक्त पांढुरके ओघळ होते. हीटरचा एक होजही क्लॅम्पपाशी तडकलेला.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नाहीच आहे! आधीच्या कुठल्यातरी फिटरने काढून टाकलाय. आणि आतलं पाणी गंजाच्या रंगाचं, तपकिरी.

रेडिएटर नवा, झाकण, दोन्ही होज, थर्मोस्टॅट, कूलंट आणि मजुरी मिळून दहा हजारांच्या आत काम झालं. हेडला हात लावला नाही. काल चांदणी चौक, पाषाण, औंध, परत असं ट्रॅफिकमध्ये एसी लावून फिरवली, काटा मध्यावरून हलला नाही.

स्पॅनर_१०_१२
छान काम झालं. थर्मोस्टॅट काढण्याचं खूळ आपल्याकडे फार जुनं आहे. गाडी गरम होते ना, मग काढा तो व्हॉल्व्ह. त्याने इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते, आणि खरा दोष झाकला जातो. तुमच्या इथेही तुंबलेला रेडिएटर झाकायलाच कधीतरी काढला असणार.

आता त्यात नळाचं किंवा बोअरचं पाणी टाकायचं नाही. बोअरच्या पाण्यातला क्षार आत बसून नळ्या तुंबतात. तयार कूलंट, नाहीतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून, दर दोन वर्षांनी बदलायचं. ब्रेक ऑइलही दोन वर्षांनी, ते हवेतला ओलावा ओढतं आणि उतारावर तापलं की ब्रेक मऊ पडतात. पुढचा पंधरवडा रोज सकाळी गार असताना पातळी बघा. जराही उतरली तर फोटो टाका.

हिशेबनीस
दहा हजारात होत असेल तर माझा विरोध मागे. पण दर वर्षी काय खर्च झाला ते लिहून ठेवा, वर्षाचा खर्च नव्या गाडीच्या तीन हप्त्यांच्या वर गेला की परत इथे या.

कागदपत्री
अभिनंदन. एक कागदाचं काम करून घ्या. आरसी बाबांच्या नावावर आहे, तर त्यावर नॉमिनी म्हणून तुमचं नाव घाला. २०२१ पासून ही सोय आहे, चालू आरसीवरही ऑनलाइन करता येतं. नॉमिनी नसेल तर मालकामागे वारसांची कागदपत्रं गोळा करत फिरावं लागतं, फॉर्म ३१, बाकी वारसांचं ना हरकत, आणि हे सगळं तीन महिन्यांत. घरोघरी हे राहून गेलेलं बघतो आणि मग चांगली चालती गाडी वर्षभर सोसायटीच्या कोपऱ्यात धूळ खाते.

निवडुंग
बाबांनीच वाचलं हे, मागे उभं राहून. म्हणाले आजच कर. आधारला मोबाइल नंबर त्यांचा लिंक आहे, त्यामुळे ओटीपी त्यांच्याच फोनवर येईल ना?

कागदपत्री
हो, त्यांचाच. आरसीला जोडलेला नंबर जुना असेल तर तो आधी बदलून घ्या.

भिगवणकर
धागा वाचून माझंही विचारतो. २००६ ची एस्टीम, गाडी वळवताना डाव्या बाजूने कट कट कट आवाज येतो, सरळ चालताना काही नाही. गॅरेजवाला सगळं सस्पेन्शन बदला म्हणतोय.

स्पॅनर_१०_१२
सस्पेन्शनला हात लावू नका अजून. स्टीअरिंग पूर्ण वळवून रिकाम्या मैदानात गोल फिरवा, आवाज वाढला तर डाव्या एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा सांधा) बघायचा. रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालंय का? वेगळा धागा काढा, फोटो टाका, बोलू.